उन्हाळा बदलला की शहर बदललं?

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बाप्पासमोर उन्हाळ्यावर बोलायचं म्हणजे जरा अवेळी वाजवलेली सनई आहे. बाहेर पाऊस पडतोय, मंडपाच्या पत्र्यावर त्याचा आवाज येतोय, आणि मी मे महिन्याच्या गोष्टी सांगणार आहे. पण विषय मुद्दाम निवडला. उन्हाळ्याची तयारी मे महिन्यात करता येत नाही. झाड लावायचं ते आत्ता, पावसात. गच्चीला चुना मारायचा तो फेब्रुवारीत. आणि सोसायटी पाडून नवी बांधायची असेल तर जे काय बोलायचं ते नकाशा मंजूर होण्याआधी. आपल्यातल्या निदान चार-पाच सोसायट्यांत तो विषय सध्या चालू आहे, हे मला ठाऊक आहे. मी स्थापत्य अभियंता, आयुष्यभर स्लॅब आणि भिंतींशी संबंध आला. त्यामुळे हवामानशास्त्राचं जे सांगेन ते वाचून आणि तज्ज्ञांकडून समजून घेतलेलं, आणि स्लॅबचं जे सांगेन ते हात लावून पाहिलेलं, एवढा फरक लक्षात ठेवा.

सुरुवात अहमदाबादच्या मे २०१० पासून करू. आपल्यातले बरेच जण तेव्हा इथे होते. २१ मे रोजी पारा ४६.८ अंश सेल्सिअसवर गेला. वर्तमानपत्रांत उसाच्या रसाच्या गाड्या आणि ओस पडलेल्या रस्त्यांचे फोटो आले, आणि आठ दिवसांत सगळे विसरले. पुढे संशोधकांनी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदी काढून बसून हिशेब केला. आदल्या आणि पुढच्या वर्षाच्या मे महिन्याच्या सरासरीने शहरात ३,११८ मृत्यू व्हायला हवे होते. प्रत्यक्षात झाले ४,४६२. म्हणजे एका महिन्यात १,३४४ माणसं जास्त गेली. टक्क्यांत सांगायचं तर ४३ टक्के वाढ.

ही माणसं गेली तेव्हा कुणाला कळलंसुद्धा नाही. पूर आला तर प्रेतं दिसतात, भूकंपात इमारती दिसतात. उष्णतेत मरणारा माणूस बहुतेक वेळा आपल्या खोलीत, खाटेवर, रात्री किंवा पहाटे जातो. दाखल्यावर लिहिलं जातं हृदयविकार, मूत्रपिंड निकामी, वार्धक्य. ते खोटं नसतं. पण तो माणूस त्या महिन्यात का गेला, हे त्या दाखल्यात येत नाही. म्हणून असा नेहमीपेक्षा किती जास्त गेले हा हिशेब करावा लागतो.

आता कुणी म्हणेल, अहो, अहमदाबादला ऊन काय नवीन आहे? बरोबर आहे. २७ मे १९१६ रोजी इथे ४७.८ अंश नोंदले गेले होते. तो उच्चांक मोडायला बरोबर शंभर वर्षं लागली. २० मे २०१६ रोजी ४८.० अंश झाले. आदल्याच दिवशी राजस्थानात फलोदीला ५१ झाले होते. शंभर वर्षांत दोन दशांश अंशांचा फरक, मग एवढा गाजावाजा कशाला, असं मला एका हुशार माणसाने विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर देण्यातच हे व्याख्यान संपणार आहे.

उत्तराचा पहिला भाग असा की उच्चांक हा लॉटरीचा आकडा असतो, तो कधीतरी एकदा लागतो. बघायचं असतं ते, मोठे आकडे किती वेळा लागतात. पूर्वी, म्हणजे कारखाने आणि कोळसा येण्याआधीच्या काळात, एखाद्या ठिकाणी सरासरी १० वर्षांतून एकदा येणारा कडक उन्हाळा धरा. पृथ्वीचं सरासरी तापमान १ अंशाने वाढल्यावर तो १० वर्षांत २.८ वेळा येतो, दीड अंशाला ४.१ वेळा, दोन अंशांना ५.६ वेळा. हे जगभरच्या जमिनीसाठीचे सरासरी आकडे आहेत, संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालातले. आणि २०२४ हे पूर्ण कॅलेंडर वर्ष औद्योगिकीकरणापूर्वीच्या काळापेक्षा सुमारे १.५५ अंशांनी गरम होतं, असं जागतिक हवामान संघटनेने जाहीर केलं आहे. एका वर्षाने कायमचा टप्पा ओलांडला असं होत नाही. पण आपण कुठे उभे आहोत ते कळतं.

भारतापुरतं बोलायचं तर पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० साली केंद्र सरकारचा एक अहवाल निघाला. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं, असं त्यात म्हटलं आहे. जगापेक्षा ही वाढ कमी. त्याचं एक कारण म्हणून शास्त्रज्ञ आपल्याकडच्या धूळ-धुराच्या पडद्याकडे आणि सिंचनाकडे बोट दाखवतात. म्हणजे ज्या घाण हवेने खोकला होतो तीच थोडी सावलीही धरते. हवा स्वच्छ करायचीच आहे, ती केली की ही सावलीही जाणार. आणि २०२२ आठवा: होळी झाली आणि थेट मे महिना सुरू झाला. १९०१ पासूनच्या नोंदींत तो सगळ्यांत गरम मार्च ठरला. त्या मार्च-एप्रिलच्या लाटेची शक्यता मानवनिर्मित हवामान बदलामुळे सुमारे ३० पट वाढली होती, असा आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका गटाचा निष्कर्ष आहे. आपल्या अंगाला उन्हाची सवय चैत्र-वैशाखात हळूहळू होते. ती होण्याआधीच ऊन आलं, हे त्या लाटेचं खरं दुखणं होतं.

एक सूचना इथेच देऊन टाकतो. मोबाइलवर येणारा प्रत्येक आकडा खरा मानू नका. २९ मे २०२४ ला दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ अंश झाले म्हणून देशभर संदेश फिरले. नंतर हवामान खात्याने तपासलं तेव्हा तिथला संवेदक ३ अंश जास्त दाखवत होता. दिल्ली त्या दिवशी भाजत होतीच, पण चुकीचा आकडा पकडला गेला की लोक खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

इथपर्यंतचं सगळं दिल्लीला, नागपूरला, कुठल्याही खेड्याला लागू आहे. उत्तराचा दुसरा भाग मात्र शहराचा आहे, आणि तो माझ्या धंद्यातला आहे.

शहर गावापेक्षा गरम असतं हे काही नवं ज्ञान नाही. ल्यूक हॉवर्ड नावाच्या एका औषध-रसायनांच्या व्यावसायिकाने दोनशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये वर्षानुवर्षं तापमान टिपलं आणि दाखवून दिलं की लंडन शहर भोवतालच्या खेड्यांपेक्षा विशेषतः रात्री गरम राहतं. ढगांना आज आपण जी नावं देतो ती देणारा हाच माणूस. त्याच्या लंडनमध्ये डांबरी रस्ता नव्हता, एसी तर नव्हताच.

रात्री का, ते सांगतो. मे महिन्यात दुपारी बेचाळीस अंश हवा असताना उघड्या काँक्रीटच्या गच्चीचा पृष्ठभाग साठीच्या घरात जातो. अनवाणी चालून बघायची गरज नाही, वाळवणाचे पापड घालायला गेलेल्या बायकांना हे कुठल्याही इंजिनिअरपेक्षा जास्त कळतं. पाच इंच स्लॅब ही उष्णता दिवसभर पोटात घेते. तिला खाली उतरायला काही तास लागतात. म्हणजे बाहेर ऊन उतरतं, वारा सुटतो, आपण म्हणतो आता बरं वाटेल, आणि नेमका तेव्हा छताचा आतला भाग तापायला लागतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी रात्री दहा वाजता पलंगावर उभं राहून छताला हात लावून पाहावा. पंखा लावला की तो तीच छताखालची गरम हवा अंगावर आणून ओततो.

मोकळ्या शेतातली जमीन रात्री आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते आणि पहाटेपर्यंत निवते. शहरात दोन उंच इमारतींमधल्या बोळातून आकाशाची एक चिंधी दिसते. एका भिंतीने सोडलेली उष्णता समोरची भिंत घेते. वारा अडतो. माती डांबराखाली आणि पेव्हर ब्लॉकखाली गेल्यामुळे ओल नाही, ओल नाही म्हणून बाष्पीभवन नाही.

हे बाष्पीभवन किती मोठं काम करतं याचा एक सोपा हिशेब करू. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण दोन तृतीयांश युनिट उष्णता लागते, तुमच्या विजेच्या बिलात असतं तेच युनिट. एखाद्या मोठ्या कडुनिंबाने दिवसात शंभर लिटर पाणी पानांतून हवेत सोडलं असं धरा. म्हणजे त्याने सदुसष्ट युनिट उष्णता ओढून घेतली. दीड टनाचा एसी तासाला पाच युनिटच्या थोडी वर उष्णता खोलीतून काढतो. तेव्हा तो कडुनिंब रोज बारा-तेरा तास एसी चालवतोय, फुकट. आणि एसी काय करतो? खोलीतली पाच युनिट अधिक स्वतः खाल्लेलं दीड युनिट, अशी साडेसहा युनिट उष्णता बाहेर बोळात फेकतो. बोळाच्या पलीकडे ज्याच्याकडे एसी नाही त्याच्या खिडकीत. मी एसीच्या विरोधात नाही. माझ्या घरी आहे, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाने मे महिन्यात तो लावावा असंच मी सांगेन. पण त्याचा तो मागचा भाग कुणाकडे तोंड करून बसवलाय, हे एकदा बाहेर जाऊन बघा.

या शहराची हद्द २००६ नंतर साधारण १९० चौरस किलोमीटरवरून ४६० च्या पुढे गेली. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीत ५५ लाखांहून जास्त माणसं होती. बोपल, शेला या भागात आपल्यातले काही जण शेतं बघायला म्हणून गेले होते, आज तिथे बाराव्या मजल्यावर राहतात. भुवनेश्वरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी देशातल्या १४१ शहरांचा उपग्रहावरून अभ्यास केला, तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शहरांतल्या जमिनीचं रात्रीचं तापमान आसपासच्या भागापेक्षा जास्त वेगाने वाढतंय, आणि शहरीकरणामुळे ही वाढ सरासरी साठ टक्क्यांनी अधिक झाली आहे, असं त्यांना आढळलं. या बाबतीत पुढे असलेल्या शहरांत अहमदाबाद आहे.

तेव्हा त्या हुशार माणसाला उत्तर असं. १९१६ साली ४७.८ अंशांच्या दुपारनंतर जी रात्र आली ती आजची रात्र नव्हती. तेव्हा शहर तीन लाखांच्या आतलं होतं, कोटाबाहेर थोडं गेलं की शेतं, आणि माणसं ओटल्यावर, अगाशीत, नदीच्या वाळूत झोपायला जात. दुपारचा आकडा जवळजवळ तोच राहिला, रात्र बदलली. आणि शरीराला रात्रच हवी असते.

शरीराचं थोडक्यात सांगतो, समोर डॉक्टर बसलेत, ते सांभाळून घेतील. नुसता बसलेला माणूसही जुन्या शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता तयार करतो. ती बाहेर टाकावी लागते. हवा त्वचेपेक्षा गरम झाली की घाम हा एकच मार्ग उरतो. रक्त त्वचेकडे पाठवायचं म्हणून हृदय जोरात चालतं, घाम जातो म्हणून रक्तातलं पाणी कमी होतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. दिवसभर हे चाललं तरी रात्री थंडावा मिळाला की गाडी पुन्हा रुळावर येते. सलग तीन-चार रात्री तो मिळालाच नाही की मग वय झालेलं हृदय थकतं. म्हाताऱ्या माणसाला तहानही कमी लागते, घामही कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः लघवी जास्त करवणाऱ्या, उन्हाळ्यात वेगळ्या हिशेबाने घ्याव्या लागू शकतात. त्या मनाने बंद करू नका, एप्रिलमध्ये डॉक्टरांना भेटून विचारा.

घाम वाळला तरच थंड वाटतं, म्हणून दमट हवेत चाळीसच्या खालचा आकडाही घातक ठरतो. शास्त्रज्ञ यासाठी ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरचा आकडा बघतात. तो ३५ झाला तर धडधाकट माणूसही सावलीत काही तासांपलीकडे टिकत नाही, असं पुस्तकात होतं. २०२२ मध्ये अमेरिकेत तरुण, निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाले तेव्हा ती मर्यादा दमट हवेत ३१ च्या आसपासच आढळली. आपल्या माणसांना हे १६ एप्रिल २०२३ ला कळलं. नवी मुंबईत खारघरला भर दुपारी उघड्या मैदानावर राज्याच्या सर्वोच्च पुरस्काराचा सोहळा झाला, लाखो लोक श्रद्धेने तासन्‌तास उन्हात बसले, आणि चौदा जण दगावले. पारा चाळिशीला पोचलाही नव्हता. वेधशाळेचा आकडा सावलीत, हवेशीर पेटीत घेतलेला असतो. मैदानात बसलेल्या माणसाच्या डोक्यावर तो नसतो.

हे सगळं ऐकून हातपाय गाळायचं कारण नाही, कारण याच शहराने काहीतरी करून दाखवलं आहे. २०१० नंतर महापालिका, गांधीनगरची भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्था आणि काही परदेशी संशोधक एकत्र बसले आणि २०१३ साली उष्णतेसाठी कृती योजना आली, दक्षिण आशियातली पहिली. अंदाज ४५ अंशांचा किंवा वरचा असला की लाल इशारा. मग संदेश जातात, पाणपोया लागतात, बागा दुपारी उघड्या राहतात, दवाखान्यांत बर्फ आणि सलाइन तयार ठेवतात, १०८ च्या गाड्यांना आधी कळवलं जातं. यात रॉकेट-विज्ञान काही नाही, कुणी कुणाला कधी फोन करायचा हे लिहून ठेवलं आहे एवढंच. पुढे संशोधकांनी पुन्हा नोंदी तपासल्या, तेव्हा योजनेनंतरच्या काळात वर्षाला सरासरी १,१९० मृत्यू टळले असावेत असा अंदाज निघाला. नागपूरने २०१६ मध्ये अशीच योजना घेतली, नंतर देशभर अनेक शहरांनी.

त्यातली मला सगळ्यांत पटलेली गोष्ट अगदी लहान आहे. शहरातल्या एका सार्वजनिक रुग्णालयात प्रसूती विभाग सगळ्यांत वरच्या मजल्यावर होता, थेट तापलेल्या स्लॅबखाली. २०१० मध्ये तिथल्या बाळांना उष्णतेचा त्रास झाल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. विभाग खालच्या मजल्यावर हलवला आणि त्रास होणाऱ्या बाळांची संख्या उतरली. नवं औषध नाही, यंत्र नाही. फक्त छताखालून काढलं.

म्हणून माझा सगळा भर छतावर आहे. इथल्या जुन्या कंत्राटदारांना हे ठाऊक होतं. फुटक्या पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची चायना मोझॅकची गच्ची ही गुजरातची खास चीज, पावसाचं पाणीही अडवते आणि ऊनही परतवते. पोळीतली घरं पाहा, १७५३ मध्ये रघुनाथराव आणि दमाजी गायकवाडांच्या फौजा इथे आल्या त्यानंतर आपली माणसं त्याच वस्तीत राहिली. अरुंद गल्ली म्हणजे सावली, घराला घर लागून म्हणजे भिंतीला ऊन नाही, मध्ये चौक, चौकाखाली पाण्याचं टाकं. उद्या सगळे पोळीत राहायला जा असं मी म्हणणार नाही, मी स्वतः जाणार नाही, गाडी कुठे लावणार! पण त्यातलं तत्त्व नव्या इमारतीत आणता येतं.

जुन्या, काळवंडलेल्या गच्चीला साधा चुना, त्यात चिकटपणासाठी बाइंडर, दोन-तीन हात. दोन माणसांचं एका दिवसाचं काम. उघडं जुनं काँक्रीट उन्हाचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा परत पाठवतं, नवा पांढरा थर दोन तृतीयांशाहून जास्त. खालच्या खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असा अनुभव आहे. अट एकच, धूळ बसली की तो पांढरा राहत नाही, मध्ये एकदा धुवायचा आणि दरवर्षी पुन्हा मारायचा. महापालिकेने २०१७ पासून वस्त्यांतल्या घरांवर हे करून पाहिलं आहे. पत्र्याच्या खोलीत तर याचा उपयोग सगळ्यांत जास्त. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताई, सोसायटीचा रखवालदार, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, जो मे महिन्यात हातात तापलेला कोळसा घेऊन उभा असतो, हे सगळे पत्र्याखाली झोपतात. आपण आपली गच्ची करतो तेव्हा त्यांच्या पत्र्याचा चुना त्याच हिशेबात धरला तर मंडळाचं दिवाळं निघणार नाही. कामाला न गेलं तर त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून ही माणसं लाल इशाऱ्यातही बाहेर पडतात. इलाबेन भट्टांच्या सेवा संस्थेने २०२३ मध्ये सुमारे २१ हजार सभासद स्त्रियांसाठी उष्णतेचा विमा सुरू केला तो याचसाठी, ठरलेल्या तापमानापलीकडे दिवस गेले की पैसे.

आता पुनर्बांधणी. तीन मजल्यांच्या जागी तेरा होणार, लिफ्ट येणार, पार्किंग येणार, चांगलंच आहे. पण सभेत आपण कार्पेट एरिया आणि कॉर्पस यापलीकडे काही विचारत नाही. बिल्डरला विचारा, पश्चिमेच्या भिंतीला काच आहे का? असेल तर कशासाठी? खिडकीवर छज्जा आहे की दर्शनी भाग सपाट दिसावा म्हणून काढून टाकलाय? हवा समोरासमोर खेळते का, की एकाच बाजूला खिडक्या आहेत? गच्चीवर इन्सुलेशनचा थर आहे का? केंद्र सरकारची इको निवास संहिता आहे, भिंती आणि छतातून किती उष्णता आत येऊ द्यायची याची मर्यादा त्यात दिली आहे. आपला नकाशा तीत बसतो का, हे लेखी मागा. आणि आवारातली जुनी झाडं नकाशावर काढून घ्या. पानं गाडीवर पडतात म्हणून कडुनिंब तोडायला निघालेले लोक मी पाहिले आहेत, तेच लोक नंतर पार्किंगला शेड घालायचा ठराव आणतात. या शहराच्या नगरपालिकेचं अध्यक्षपद आपल्या दादासाहेब मावळंकरांनी सांभाळलं. त्यांच्या गावच्या मराठी माणसाने महापालिकेला एक पत्र लिहायला संकोचू नये.

मंडळापुरत्या दोन गोष्टी कार्यकारिणीपुढे ठेवतो. १ मे, महाराष्ट्राचा आणि गुजरातचाही स्थापना दिवस, आपण सकाळी अकराला सुरू करतो आणि जेवणं होईपर्यंत दोन वाजतात, तेही शामियान्यात. तो कार्यक्रम संध्याकाळी सातला घ्यावा. खारघरनंतर याला वेगळं कारण द्यायची गरज नाही.

दुसरी गोष्ट, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी. मुलं पुण्याला, बंगळूरला, न्यू जर्सीला, आणि आई-वडील इथे तिसऱ्या मजल्यावर. एप्रिल ते जून, लाल इशाऱ्याच्या दिवसांत मंडळाच्या कुणीतरी त्यांना रोज फोन करायचा. पण फोनवर "काका, बरं आहे ना?" असं विचारू नका, आपली पिढी काहीही झालं तरी "छान आहे" म्हणते. रात्री झोप लागली का, सकाळपासून लघवीला किती वेळा गेलात, कूलर चालतोय का, जेवलात काय, हे विचारा. कोरड्या हवेत कूलर उत्तम, जूनमध्ये दमट झालं की तो नुसती ओल वाढवतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवायला सांगा. चाळीसच्या वर नुसता पंखा उलट तापवतो, अंगावर ओला पंचा असेल तर उपयोग. ताक, पन्हं, कैरीचा बाफला, सगळं द्या. खिशातल्या कांद्याने काही होत नाही, कोशिंबिरीत घाला. आणि बोलणं असंबद्ध वाटलं, अंग चटके बसण्याइतकं तापलं, तर वाट बघायची नाही. १०८ ला फोन, तोवर कपडे सैल करून अंगावर गार पाणी आणि वारा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

यादीचा कागद प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर चिटणीसांकडे ठेवला आहे. ज्यांना फोन हवा त्यांनी एका बाजूला नाव लिहावं, जे फोन करू शकतील त्यांनी दुसऱ्या बाजूला. पहिल्या बाजूला नाव लिहायला कुणी तयार होत नाही हे मला माहीत आहे, तेव्हा शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांची लिहिली तरी चालेल. आरतीला अजून वीस मिनिटं आहेत, प्रश्न असतील तर विचारा.